औषध-प्रतिसादी जनुकांचे संगणकीय जनुकप्ररूप-निर्धारण

औषध-प्रतिसादी जनुकांचे संगणकीय जनुकप्ररूप-निर्धारण म्हणजे व्यक्तीच्या डीएनएच्या क्रमनिर्धारणातून मिळालेल्या माहितीवरून, औषधांचा शरीरावरील परिणाम ठरवणाऱ्या जनुकांची कोणती रूपे त्या व्यक्तीकडे आहेत आणि त्यांच्या किती प्रती आहेत, हे संगणकाच्या साहाय्याने ठरवण्याची प्रक्रिया होय. हा विषय जैवमाहितीशास्त्र आणि औषधजनुकशास्त्र यांच्या सीमेवर येतो. एखाद्या व्यक्तीचा डीएनए वाचला म्हणजे तिचे जनुकप्ररूप कळले, असा सर्वसाधारण समज असतो. काही साध्या जनुकांबाबत तो बराचसा खराही आहे. मात्र ज्या जनुकांच्या शेजारी त्यांच्यासारखीच दुसरी जनुके असतात आणि ज्यांच्या प्रतींची संख्या माणसागणिक बदलते, त्यांचे जनुकप्ररूप वाचलेल्या तुकड्यांवरून अनुमानाने ठरवावे लागते. हे अनुमान चुकले तर औषधाची निवड किंवा मात्रा चुकू शकते.

या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासलेले आणि सर्वांत अवघड मानले जाणारे उदाहरण म्हणजे २२व्या गुणसूत्रावरील सीवायपी२डी६ हे जनुक होय. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच जनुकाच्या आधारे विषयाचे विवेचन केले आहे.

## पार्श्वभूमी

शरीरात गेलेल्या अनेक औषधांचे रासायनिक रूपांतर यकृतातील विकरे घडवून आणतात. त्यांपैकी सायटोक्रोम पी४५० हे विकरांचे मोठे कुल आहे. सीवायपी२डी६ हे जनुक याच कुलातील एका विकराची घडण सांगते. नेहमीच्या वापरातील औषधांपैकी सुमारे २० ते २५ टक्के औषधांच्या चयापचयात या विकराचा वाटा असतो. वेदनाशामक कोडीन व ट्रामाडॉल, रक्तदाबावरील मेटोप्रोलॉल, नैराश्यावरील नॉर्ट्रिप्टिलीन आणि स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन ही त्यांतील परिचित उदाहरणे होत.

माणसामाणसांतील हा फरक प्रथम डीएनएवरून नव्हे, तर औषधाच्या अनपेक्षित परिणामांवरून लक्षात आला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रॉबर्ट स्मिथ यांनी १९७०च्या दशकात एका प्रयोगासाठी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध स्वतः घेतले. सहकाऱ्यांना त्याचा फारसा त्रास झाला नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र एकदम उतरला. त्यांच्या शरीरात या औषधाचे विघटन अत्यल्प होत असल्याचे आढळले. १९७७मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हा दोष आनुवंशिक असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास जर्मनीत मिशेल आयशेलबाउम यांना स्पार्टीन या औषधाबाबत असाच अनुभव आला. पुढे या दोन्ही निरीक्षणांच्या मुळाशी एकच विकर असल्याचे स्पष्ट झाले.

१९८८मध्ये या विकराच्या जनुकाचा क्रम हाती आला आणि पाठोपाठ त्यातील दोषांचा शोध सुरू झाला. १९९०मध्ये युरोपीय लोकांत वारंवार आढळणारा एका क्षारकाचा बदल सापडला; त्यामुळे जनुकाचा संदेश चुकीच्या जागी जोडला जातो व कार्यक्षम विकर तयार होत नाही. १९९१मध्ये काही व्यक्तींमध्ये हे जनुक संपूर्णपणे गळालेले असते, असे दिसून आले. १९९३मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी याच्या अगदी उलट प्रकार नोंदवला. एका कुटुंबातील काही व्यक्तींमध्ये या जनुकाच्या दहाहून अधिक प्रती होत्या आणि त्यांच्या शरीरात औषधाचे विघटन अतिशय वेगाने होत होते.

अशा रीतीने एकाच जनुकाबाबत क्षारकातील बदल, संपूर्ण लोप आणि अनेक प्रती हे तिन्ही प्रकार समोर आले. जनुकप्ररूप-निर्धारणाची आजची अडचण याच विविधतेतून उद्भवते.

## वैद्यकीय महत्त्व

कोडीन मूळ रूपात फारसे प्रभावी नसते. त्याचा काही अंश सीवायपी२डी६ विकरामुळे मॉर्फिनमध्ये बदलतो व त्यामुळे वेदना शमते. ज्याच्याकडे हे विकर कार्य करत नाही, त्याला कोडीनचा पुरेसा उपयोग होत नाही. ज्याच्याकडे कार्यक्षम जनुकाच्या दोनपेक्षा अधिक प्रती आहेत, त्याच्या शरीरात अल्पावधीत जास्त मॉर्फिन तयार होऊ शकते आणि श्वसन मंदावण्याचा धोका निर्माण होतो.

२००९मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातील दोन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नेहमीच्या मर्यादेतील मात्रेत कोडीन देण्यात आले होते. घरी गेल्यानंतर त्याचा मृत्यू झाला. नंतरच्या तपासणीत त्याच्याकडे सीवायपी२डी६ची कार्यक्षम अतिरिक्त प्रत असल्याचे आढळले. अशा प्रकारच्या घटनांचा आढावा घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३मध्ये, टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड काढलेल्या मुलांना कोडीन देण्याविरुद्ध ठळक इशारा दिला. २०१७मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठी वेदना व खोकला यांवर कोडीनचा वापर निषिद्ध ठरवण्यात आला.

या उदाहरणात जनुकातील एकही अक्षर ‘बिघडलेले’ नव्हते. जनुक उत्तम होते, फक्त त्याच्या प्रती जास्त होत्या. केवळ क्षारकांतील बदल शोधणाऱ्या चाचणीला असा धोका दिसत नाही.

## तारांकित नामपद्धती

औषध-प्रतिसादी जनुकांच्या रूपांना तारांकित क्रमांक देण्याची पद्धत सीवायपी२डी६साठी १९९६मध्ये मांडण्यात आली. एका गुणसूत्रावर एकत्र आढळणाऱ्या बदलांच्या संचाला एक क्रमांक दिला जातो. *१ हे संदर्भरूप मानले जाते. सीवायपी२डी६ची काही महत्त्वाची रूपे पुढीलप्रमाणे आहेत :

- *१ आणि *२ : सामान्य कार्य असलेली रूपे.
- *४ : निष्क्रिय रूप, युरोपीय वंशाच्या लोकांत निष्क्रियतेचे सर्वांत मोठे कारण.
- *५ : जनुकाचा संपूर्ण लोप.
- *१० : कार्य घटलेले रूप, पूर्व आशियात फार मोठ्या प्रमाणावर आढळते.
- *१७ : कार्य घटलेले रूप, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते.
- *१३ आणि *३६ : शेजारच्या छद्मजनुकाशी संकर होऊन बनलेली निष्क्रिय रूपे.

एकाच गुणसूत्रावर एका रूपाच्या दोन प्रती असल्यास *१×२ असे लिहितात. दोन भिन्न रूपे शेजारी असल्यास *३६+*१० असे लिहितात. आई व वडील यांच्याकडून आलेल्या दोन गुणसूत्रांवरील रूपे तिरप्या रेषेने वेगळी करतात, उदाहरणार्थ *१/*४. या रूपांच्या याद्या पूर्वी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेशी संलग्न संकेतस्थळावर ठेवल्या जात. २०१७पासून हे काम फार्मव्हार या संघाकडे आले. सीवायपी२डी६च्या नोंदलेल्या रूपांची संख्या आता दीडशेहून अधिक आहे आणि ती वाढतच आहे.

प्रत्येक रूपाला कार्यक्षमतेचा अंक दिला जातो : *१ला १, *१०ला ०.२५, *४ला ०. सर्व प्रतींच्या अंकांची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीचा कार्यांक. बेरीज ० आल्यास व्यक्ती ‘मंद चयापचयी’, ०पेक्षा जास्त पण १.२५पेक्षा कमी आल्यास ‘मध्यम’, १.२५ ते २.२५ असल्यास ‘सामान्य’ आणि २.२५पेक्षा जास्त असल्यास ‘अतिशीघ्र’ गटात धरली जाते.

## निर्धारणातील अडचणी

### शेजारील छद्मजनुक

सीवायपी२डी६च्या शेजारी सीवायपी२डी७ आणि सीवायपी२डी८ ही छद्मजनुके आहेत. छद्मजनुक म्हणजे पूर्वी कार्यरत असलेल्या जनुकाची, आता उपयुक्त प्रथिन न बनवणारी प्रतिकृती. सीवायपी२डी७चा क्रम सीवायपी२डी६शी ९० टक्क्यांहून अधिक जुळतो. काही भागांत तर तो जवळपास तंतोतंत सारखा आहे.

सर्वाधिक प्रचलित क्रमनिर्धारण यंत्रे डीएनएचे साधारणतः १०० ते १५० क्षारकांचे तुकडे वाचतात. हे तुकडे संगणक संदर्भ-जीनोमशी जुळवून जागोजाग बसवतो. एकाच पुस्तकाच्या दोन किंचित वेगळ्या आवृत्त्या फाडून त्यांचे कपटे एकत्र मिसळले, तर एखादा कपटा कोणत्या आवृत्तीतला, हे सर्वत्र सारख्या असलेल्या ओळीवरून सांगता येत नाही. तीच स्थिती येथे होते. सीवायपी२डी७चा तुकडा सीवायपी२डी६वर बसला, तर नसलेला बदल दिसतो. उलट घडले, तर असलेला बदल नाहीसा होतो.

### बदलती प्रतसंख्या व संकर रूपे

सारखे क्रम शेजारी असल्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांमध्ये असमान अदलाबदल होते. त्यातून एका गुणसूत्रावर जनुकाच्या जादा प्रती जातात, तर दुसऱ्यावरून जनुक गळून पडते. अदलाबदल जनुकाच्या मध्यावरच झाली, तर अर्धा भाग सीवायपी२डी७चा आणि अर्धा सीवायपी२डी६चा असे संकर जनुक तयार होते.

संकर रूप ओळखता आले नाही, तर गणित बिघडते. एखाद्या व्यक्तीचे खरे जनुकप्ररूप *१/*१३+*२ असेल, तर *१३ निष्क्रिय असल्यामुळे कार्यांक २, म्हणजे सामान्य येतो. संगणकाने *१३ला पूर्ण कार्यक्षम प्रत मानले, तर कार्यांक ३ होतो आणि तीच व्यक्ती अतिशीघ्र गटात जाते. तिला आवश्यक असलेले वेदनाशामक विनाकारण नाकारले जाण्याची शक्यता यातून निर्माण होते.

### बदलांची गुणसूत्रनिहाय वाटणी

व्यक्तीकडे दोन बदल आढळले, पण ते एकाच गुणसूत्रावर आहेत की दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, हे लहान तुकड्यांवरून बहुधा कळत नाही. याचे सुबोध उदाहरण टीपीएमटी या जनुकाचे आहे. रक्ताच्या कर्करोगावर व काही स्वप्रतिकार रोगांवर वापरल्या जाणाऱ्या थायोप्युरीन औषधांच्या चयापचयात या जनुकाचे विकर भाग घेते. टीपीएमटीच्या *३ए या रूपात दोन बदल एकत्र असतात. *३बीमध्ये त्यांपैकी पहिला, तर *३सीमध्ये केवळ दुसरा असतो. दोन्ही बदल एकेकदा आढळलेल्या व्यक्तीचे जनुकप्ररूप *१/*३ए किंवा *३बी/*३सी असू शकते. पहिल्या शक्यतेत एक गुणसूत्र निर्दोष असते. दुसऱ्या शक्यतेत दोन्ही सदोष असतात आणि नेहमीच्या मात्रेने अस्थिमज्जेचे कार्य गंभीररीत्या दबले जाऊ शकते. *३बी हे रूप फार विरळ असल्यामुळे बहुतेक वेळा *१/*३ए असे गृहीत धरतात. हे गृहीतक लोकसंख्येतील वारंवारतेवर आधारलेले असते, त्या व्यक्तीच्या डीएनएमध्ये प्रत्यक्ष पाहिलेल्या पुराव्यावर नव्हे.

### संदर्भ-जीनोम

संदर्भ-जीनोमची आवृत्ती कोणती, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. जीआरसीएच३७ या आवृत्तीत सीवायपी२डी६चा क्रम *२ या रूपाशी मिळताजुळता आहे, तर जीआरसीएच३८मध्ये तो *१शी जुळतो. त्यामुळे एका आवृत्तीत ‘बदल’ म्हणून नोंदला जाणारा क्षारक दुसरीत संदर्भाप्रमाणे मानला जातो. आवृत्ती लक्षात न घेता तयार केलेल्या बदलांच्या यादीवरून तारांकित रूप ठरवल्यास चूक अटळ ठरते.

## कार्यपद्धती

प्रचलित संगणकीय साधनांच्या पद्धती तपशिलात भिन्न असल्या, तरी त्यांचे मुख्य टप्पे सारखे आहेत.

पहिल्या टप्प्यात प्रतसंख्या काढली जाते. जीनोमच्या एखाद्या जागी सरासरी किती तुकडे बसले, या संख्येला वाचन-सखोलता म्हणतात. ज्या भागांच्या नेहमी दोनच प्रती असतात, अशा भागांतील सखोलता प्रमाण म्हणून घेतात. तेथे सरासरी ३० तुकडे असतील, तर प्रत्येक प्रतीमागे १५ तुकडे होतात. सीवायपी२डी६वर सरासरी ४५ तुकडे आढळल्यास तीन प्रती, १५ आढळल्यास एक प्रत आणि तुकडे जवळजवळ नसतीलच तर दोन्ही गुणसूत्रांवर लोप, असे अनुमान निघते.

दुसऱ्या टप्प्यात जनुक आणि छद्मजनुक यांचे तुकडे वेगळे केले जातात. दोहोंत ज्या जागी निश्चित फरक असतो, त्या जागांवर दोन्ही प्रकारचे तुकडे मोजले जातात. जनुकाच्या आरंभापासून अखेरपर्यंत हे प्रमाण सारखे राहिले, तर प्रती अखंड आहेत. मध्येच ते एकदम बदलले, तर त्या ठिकाणी संकर झाला असल्याची ती खूण असते.

तिसऱ्या टप्प्यात रूप ठरवणारे बदल शोधून ते प्रतींमध्ये वाटले जातात. शेवटी, ज्ञात तारांकित रूपांचा कोणता संच ही सर्व मोजमापे सर्वांत चांगल्या रीतीने स्पष्ट करतो, ते तपासले जाते.

### एक उदाहरण

एका व्यक्तीच्या सीवायपी२डी६वर ४५ तुकडे आहेत, म्हणजे तीन प्रती आहेत, आणि *४चा निर्णायक बदल काही तुकड्यांत दिसतो, असे समजू. दोन मुख्य शक्यता उरतात :

- *१×२/*४ : तीनपैकी एक प्रत *४ची. बदल असलेले तुकडे सुमारे १५ अपेक्षित. कार्यांक १ + १ + ० = २. गट : सामान्य.
- *१/*४×२ : तीनपैकी दोन प्रती *४च्या. बदल असलेले तुकडे सुमारे ३० अपेक्षित. कार्यांक १ + ० + ० = १. गट : मध्यम.

दोन्ही व्यक्तींमध्ये बदल तोच आणि प्रतसंख्याही तीच. फरक फक्त तुकड्यांच्या प्रमाणात, एकतृतीयांश की दोनतृतीयांश, एवढाच असतो. ‘*१ व *४ आढळले, जादा प्रत आहे’ एवढाच अहवाल देणाऱ्या चाचणीतून या दोन व्यक्ती वेगळ्या ओळखता येत नाहीत.

प्रत्यक्षात तुकड्यांची संख्या योगायोगाने कमीजास्त होते. १५ अपेक्षित असताना १९ किंवा ३० अपेक्षित असताना २५ तुकडे येऊ शकतात. त्यात छद्मजनुकाचे भरकटलेले तुकडे मिसळले, तर सीमारेषा आणखी पुसट होते. म्हणून एकाच जागेवर विसंबून न राहता अनेक जागांवरील मोजमापे एकत्र विचारात घेतली जातात. प्रती चार, पाच किंवा त्याहून अधिक असल्यास अपेक्षित प्रमाणांतील अंतर कमी होत जाते आणि निर्णय अधिक अवघड होतो.

## प्रमुख संगणकीय साधने

- सिपिरिपी (२०१५) : कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी विकसित केलेले, सीवायपी२डी६साठीचे आरंभीचे साधन.
- ॲस्ट्रोलेब (२०१६) : अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील चिल्ड्रन्स मर्सी रुग्णालयात विकसित. आरंभी ते कॉन्स्टेलेशन या नावाने ओळखले जाई.
- अल्डी (२०१८) : सिपिरिपीच्या कामाशी निगडित संशोधकांचे साधन. प्रती आणि रूपे यांची निवड पूर्णांक रेषीय प्रोग्रामिंग या गणिती पद्धतीने करते. प्रतींची संख्या अपूर्णांकात असू शकत नाही, ही अट या पद्धतीत नैसर्गिकरीत्या बसते.
- स्टारगेझर : वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित. एका स्थिर नियंत्रक जनुकाच्या तुलनेत सखोलता मोजते आणि लोकसंख्येतील ज्ञात क्रमांच्या आधारे बदलांची गुणसूत्रनिहाय वाटणी करते.
- सायरियस (२०२१) : इल्युमिना या कंपनीतील संशोधकांनी संपूर्ण जीनोमच्या माहितीसाठी तयार केलेले. सीवायपी२डी६ आणि सीवायपी२डी७ यांचे तुकडे आधी एकत्र मोजून मग फरकाच्या जागांवरून ते वेगळे करते.
- स्टेलरपीजीएक्स (२०२१) : दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचे साधन. एकाच सरळ संदर्भक्रमाऐवजी अनेक पर्यायी क्रम सामावणारा आलेख वापरते.
- पायपीजीएक्स (२०२२) : प्रतसंख्या व संकर यांचे प्रकार ओळखण्यासाठी यंत्र-शिक्षणाची मदत घेते.

फार्मकॅट हे साधन याहून वेगळ्या प्रकारचे आहे. ते आधीच तयार असलेल्या बदलांच्या यादीवरून तारांकित रूपे ओळखते व त्यांना औषधविषयक मार्गदर्शक सूचनांची जोड देते. सीवायपी२डी६ची प्रतसंख्या व संकर यांचा निर्णय मात्र सामान्यतः वरीलपैकी एखाद्या साधनाकडून घेऊन त्याला पुरवावा लागतो.

## अचूकतेची पडताळणी

साधनांची तुलना करण्यासाठी ज्यांचे जनुकप्ररूप आधीच निश्चित झाले आहे, असे नमुने लागतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या समन्वयाने चालणाऱ्या जेट-आरएम या उपक्रमात असे पेशीनमुने अनेक प्रयोगशाळांत भिन्न पद्धतींनी तपासण्यात आले. २०१६मध्ये १३७ नमुन्यांची २८ जनुकांसाठीची तपासणी प्रसिद्ध झाली. २०१९मध्ये सीवायपी२डी६च्या अवघड नमुन्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध करण्यात आला.

सायरियसच्या निर्मात्यांनी १४४ नमुन्यांवर केलेल्या तुलनेत त्यांच्या साधनाचे निष्कर्ष ९६.५ टक्के वेळा ज्ञात उत्तराशी जुळले. आधीच्या साधनांचे प्रमाण ८४ ते ८६.८ टक्के होते. सापडलेल्या त्रुटी दुरुस्त केल्यानंतर सायरियसचे प्रमाण ९९.३ टक्क्यांवर गेले. हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. तुलना साधनाच्या निर्मात्यांनीच केली होती, आणि दुरुस्तीनंतरची चाचणी ज्या नमुन्यांनी त्रुटी दाखवल्या त्याच नमुन्यांवर झाली होती. इतर साधनांच्याही पुढील आवृत्त्या निघाल्या असल्यामुळे जुन्या तुलनेवरून आजचा क्रम ठरवता येत नाही.

याशिवाय, संदर्भनमुन्यांत वारंवार आढळणारी रूपे जास्त आणि विरळ रूपे थोडी असतात. एकूण टक्केवारी उत्तम असूनही एखाद्या विरळ संकर रूपाबाबत साधन वारंवार चुकत असेल, तर ती चूक टक्केवारीत बुडून जाते. म्हणून निष्कर्षाबरोबर त्याची विश्वसनीयता नोंदवणे आणि पुरावा अपुरा असल्यास ‘जनुकप्ररूप अनिश्चित’ असे स्पष्ट कळवणे महत्त्वाचे असते. रुग्णाच्या दृष्टीने अनिश्चित उत्तर गैरसोयीचे असले, तरी खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर अधिक घातक ठरते.

## पारंपरिक चाचण्यांशी तुलना

सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ या जनुकांसाठीच्या ॲम्प्लिचिप या चाचणीला अमेरिकेत २००४च्या अखेरीस मान्यता मिळाली. अशा चाचण्यांत आधी ठरवलेल्या मोजक्या बदलांचीच तपासणी होते. त्यांपैकी एकही आढळला नाही, तर व्यक्तीचे रूप *१ मानले जाते. म्हणजेच अहवालातील *१चा अर्थ ‘जनुक निर्दोष आहे’ असा नसून ‘शोधलेल्यांपैकी काही आढळले नाही’ असा असतो. यादीबाहेरचा सदोष बदल असलेली व्यक्तीही सामान्य म्हणून नोंदली जाऊ शकते.

संपूर्ण जीनोमच्या क्रमनिर्धारणात ही मर्यादा बरीच कमी होते. मात्र केवळ प्रथिनांचा संदेश असलेल्या भागांचे, म्हणजे एक्झोमचे, क्रमनिर्धारण केल्यास काही महत्त्वाचे बदल नजरेआड राहतात. सीवायपी२सी१९चे *१७ हे कार्य वाढवणारे रूप आणि वॉरफरिनच्या मात्रेशी निगडित व्हीकेओआरसी१ जनुकातील प्रमुख बदल हे दोन्ही जनुकाच्या आरंभापूर्वीच्या नियंत्रक भागात असतात. एक्झोममध्ये वाचन-सखोलताही असमान असते, त्यामुळे प्रतसंख्येचे अनुमान कमी विश्वसनीय ठरते.

पॅसिफिक बायोसायन्सेस आणि ऑक्सफर्ड नॅनोपोअर यांच्या तंत्रांनी हजारो क्षारकांचे सलग तुकडे वाचता येतात. सीवायपी२डी६ची लांबी सुमारे साडेचार हजार क्षारकांची असल्याने एकाच तुकड्यात संपूर्ण जनुक मावू शकते. त्यामुळे जनुक व छद्मजनुक यांतील गोंधळ आणि गुणसूत्रनिहाय वाटणीचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. तथापि अनेक प्रती एकापुढे एक असल्यास त्यांची एकूण लांबी तुकड्यापेक्षा जास्त होऊ शकते. तेव्हा मोजणीवर आधारलेले अनुमान पुन्हा आवश्यक ठरते.

## लोकसंख्यांतील विविधता आणि भारत

सीवायपी२डी६ची रूपे जगात सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ५ ते १० टक्के व्यक्ती मंद चयापचयी असतात. पूर्व आशियात हे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपियातील सुमारे २९ टक्के व्यक्तींमध्ये जनुकाच्या जादा प्रती आढळल्या.

संगणकीय साधने ज्ञात रूपांच्या यादीतूनच उत्तर निवडतात. ज्या समाजांचा डीएनए कमी अभ्यासला गेला, त्यांची विशिष्ट रूपे यादीत नसण्याची शक्यता अधिक. अशा वेळी साधन जवळात जवळचे ज्ञात रूप सुचवते आणि नवा सदोष बदल दुर्लक्षिला जाऊ शकतो. आफ्रिकेतील संशोधकांनी स्वतंत्र साधन विकसित करताना या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले.

वन थाउजंड जीनोम्स या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दक्षिण आशियातील पाच गट होते : ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ. मराठी भाषकांचा स्वतंत्र गट त्यात नव्हता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१९मध्ये इंडिजेन कार्यक्रमातून सुमारे एक हजार भारतीयांच्या जीनोमचे क्रमनिर्धारण केले. जैवतंत्रज्ञान विभागाच्या जीनोमइंडिया प्रकल्पात २० संस्थांच्या सहभागाने देशातील विविध समाजगटांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचण्यात आले. ही माहिती जानेवारी २०२५मध्ये फरिदाबाद येथील भारतीय जैवविज्ञान माहिती केंद्रामार्फत संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आली. भारतीय समाजांत पिढ्यान् पिढ्या स्वगटात विवाह होत आल्यामुळे एका गटातील वारंवारता दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून अशा माहितीवरून औषध-प्रतिसादी रूपांची नोंद करणे येथे विशेष उपयुक्त ठरते.

## मर्यादा

जनुकप्ररूप अचूक ठरले, तरी त्यावरून औषधाचा परिणाम पूर्णपणे सांगता येत नाही. पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी औषधे सीवायपी२डी६ विकराचे कार्य तीव्रतेने रोखतात. ती घेत असलेली सामान्य जनुकप्ररूपाची व्यक्ती व्यवहारात मंद चयापचयी व्यक्तीप्रमाणे वागते. वय, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार आणि इतर जनुके यांचाही प्रभाव पडतो.

जनुकप्ररूपाचा अर्थ लावण्याचे नियमही बदलत असतात. २०१९मधील तज्ज्ञांच्या सहमतीपूर्वी *१०चा अंक ०.५ धरला जाई, तो ०.२५ करण्यात आला. पूर्वी कार्यांक १ असलेली व्यक्ती अनेकदा सामान्य गटात मोडत असे. नंतर ती मध्यम गटात आली. व्यक्तीचा डीएनए तोच असताना केवळ नियम बदलल्यामुळे तिचा गट बदलला. म्हणून अहवालात गटाबरोबर मूळ जनुकप्ररूप, वापरलेले साधन व त्याची आवृत्ती नोंदवणे आवश्यक मानले जाते.

अमेरिकेतील ‘ऑल ऑफ अस’ या मोठ्या संशोधन कार्यक्रमाने सहभागी नागरिकांना औषध-प्रतिसादाचा अहवाल देण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यात सात जनुकांचा समावेश होता. सीवायपी२डी६ त्यांत नव्हते. सर्वाधिक अभ्यासलेले जनुकही सामूहिक पातळीवरील अहवालांत सहज सामावतेच असे नाही, हे यावरून दिसते.

## हेही पाहा

- औषधजनुकशास्त्र
- सायटोक्रोम पी४५०
- छद्मजनुक
- डीएनए क्रमनिर्धारण
- जैवमाहितीशास्त्र
- मानवी जीनोम प्रकल्प